कसाही बसवा, पेटेल

मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा होता. बरोबर त्या मिनिटाला माझू या समुद्रदेवीच्या देवळाचे मुख्य विश्वस्त पेंग काका यांनी लाल फीत गुंडाळलेलं बटण दाबलं, आणि नव्या दीपमाळेतले तीन हजार साठ दिवे एकदम पेटायचे ते निम्मेच पेटले. निम्मे हा अंदाज, नंतर मोजले तेव्हा पंधराशे अठ्ठेचाळीस काळे निघाले. प्रत्येक दिवा एकेका घराच्या नावाने वर्षभर जळायचा होता, आणि काळ्यांत सगळ्यांत वरचा दिवा खुद्द पेंग काकांचा. त्याखाली सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव होतं, आणि पुढच्या गुरुवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

हे दिवे घडवणारा चो पिंगरू गर्दीच्या मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला उभा होता. घरात आणि कारखान्यात त्याला आरू म्हणत. वय सव्वीस. ताओयुआनच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, नव्या वस्तू घडवणाऱ्या डेव्हलपमेंट खात्यात लागून त्याला अकरा महिने झाले होते, आणि हा दिवा म्हणजे त्याची पहिली स्वतंत्र वस्तू. सुबक होता दिवा. आगपेटीएवढा, दोन्ही टोकांनी सारखा. आरूला अशा नेटक्या गोष्टींची हौस होती आणि दिव्याच्या चित्राकडे तो महिनाभर स्वतःच बघत बसला होता.

घोळ एवढाच होता की दोन्ही टोकांनी सारखी वस्तू दीपमाळेच्या कोनाड्यात सरळही बसते आणि उलटीही. सरळ बसली तर पेटते. उलटी बसली तर वीज उलटी जाते आणि दिवा ढिम्म राहतो. आरूने दिव्याच्या बुडाला बाण कोरला होता, तिळाएवढा. माहितीपत्रकात खुलासाही केला होता, चौथ्या पानावर. देवळातल्या बारा म्हाताऱ्यांनी तीन दिवस खपून, गप्पा मारत, हाताला येईल तसे दिवे बसवले. त्यांना ना बाण दिसला ना चौथं पान. आणि बसवल्यावर एखादा लावून बघावा, तर तेही नाही, कारण नावाचा दिवा मुहूर्ताआधी पेटवणं म्हणजे त्या घराचं वर्ष नासवणं. तीन दिवस मुख्य बटणावर लाल फीत बांधलेली होती.

हे आरूला ठाऊक नव्हतं म्हणावं तर तो याच गावचा. सातव्या ओळीत त्याच्या आईच्या नावाचा दिवा होता. तोही काळाच.

पेंग काका काठी टेकत त्याच्यापर्यंत आले. म्हणाले, "पोरा, माझा डावा गुडघा कापायचाय. तुझा दिवा कुठल्या बाजूचा?"

संध्याकाळपर्यंत शिडीवर चढून आरूने एकेक दिवा फिरवला. खाली म्हाताऱ्या उभ्या राहून कुणाच्या घरी आता काय वाईट होणार याची यादी करत होत्या. सगळे पेटले, पण मुहूर्त टळून सहा तास झाले होते. पेंग काकांनी कारखान्याला निरोप धाडला: दुसरी दीपमाळ नववर्षाआधी, चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी लागायची आहे. त्यात एक जरी दिवा काळा राहिला, तर उरलेल्या पाच दीपमाळा दुसऱ्या कारखान्याकडे.

डेव्हलपमेंटच्या लियाओ साहेबांनी निरोप वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एक काळा राहिला तर तू कागदपत्रांच्या खात्यात," ते म्हणाले. "वाईट नाही ते. खिडकी आहे. तोवर दहा आठवडे आहेत. खाली शियाताईंकडे जा."

कागदपत्रांच्या खात्यात गेलेला माणूस पुन्हा चित्र काढायला बसल्याचं कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. आणि आरूला दुसरं काही करायचंच नव्हतं.

शियाताई, म्हणजे वेंग पीशिया, जोडणीच्या तिसऱ्या लाइनच्या टोकाला, हात धुण्याचं बेसिन आणि आग विझवायचा लाल डबा यांच्या मधोमध बसत. एक लांब टेबल, चार स्टुलं, एक भिंग, आणि भाजलेल्या जवाच्या चहाची भलीमोठी किटली. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'सहायक'. प्रत्यक्षात कारखान्यातल्या एकेचाळीस डेव्हलपरांना त्यांनी वळण लावलं होतं आणि त्यांत नववे लियाओ साहेब. साहेब त्या टेबलावर एकदा रडले होते अशी वदंता होती. ताईंना विचारलं तर त्या म्हणत, "रडला नाही. डोळ्यात रसायन गेलं होतं. दोन दिवस."

वय एकोणसाठ. केस आखूड, आवाज खणखणीत, उजव्या अंगठ्यावर तारा झाळण्याच्या तापलेल्या टोकाने उठवलेला जुना पांढरा डाग. चुका होऊच नयेत अशी वस्तू घडवण्याच्या विद्येला कारखान्यात 'खुळ्याला अडवणं' म्हणतात. ताई प्रत्येक नव्या माणसाला पहिला प्रश्न तोच विचारीत.

"खुळ्याला अडवायचं. ठीक. खुळा कोण?"

आधीचे एकेचाळीस जण लाइनवर बसलेल्या बायकांकडे बघून काहीतरी पुटपुटले होते. आरू म्हणाला, "मी."

ताईंनी भिंग खाली ठेवलं. "पहिल्याच दिवशी? फारच मार खाल्लेला दिसतोयस. बस."

त्या स्वतः या टेबलापर्यंत कशा आल्या, ते कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. युनलिनकडच्या लसणाच्या शेतांतून सोळाव्या वर्षी त्या इथे आल्या, तीन महिने लाइनवर काम आणि तीन महिने शाळा अशा बोलीवर. तेव्हा इथे रेडिओ बनत. आठवड्यात जिच्या हातून सगळ्यांत जास्त सर्किट बोर्ड उलटे लागतील तिच्या खुर्चीला लाल पाटी टांगायची पद्धत होती. शियाच्या खुर्चीला ती लागोपाठ तीन आठवडे लटकली. पोरी हसत. चौथ्या सोमवारी तिने पर्समधली नखं घासायची कानस काढली, बोर्ड ज्या खोबणीत बसे तिच्या कोपऱ्यात एक उंचवटा चिकटवला, आणि येणाऱ्या प्रत्येक बोर्डाचा तोच कोपरा कानशीने खाचून टाकला. आठवडाभरात तिच्या हातून एकही बोर्ड उलटा लागला नाही. लागूच शकत नव्हता.

मग वरून कुओ नावाचे थोरले डेव्हलपर तणतणत खाली आले. "माझा बोर्ड कुणी खराब केला?"

"मी," शिया म्हणाली. "आधी कुणी केला होता ते तुम्ही बघा."

कुओ दहा मिनिटं खोबणीकडे बघत राहिले आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी चित्रात खाच आली. दोन वर्षांनी त्यांनी तिला वरच्या मजल्यावर बोलावलं, टेबलखुर्ची देतो म्हणाले. ती अठरा-एकोणीस वर्षांची पोर म्हणाली, "मी वर येत नाही. त्यांनाच खाली पाठवा."

तेव्हापासून वरचे खाली येतात.

पहिले तीन आठवडे आरूला पेन्सिलही मिळाली नाही. हातमोजे आणि बोटांवर रबरी टोप्या घालून तो दुसऱ्यांच्या वस्तू जोडत होता. दमट दिवशी, जेवणानंतरच्या पेंगुळल्या तासाला, कधी मुद्दाम डाव्या हाताने. जिथे बोट अडखळेल तिथे त्याने थांबायचं आणि मोठ्याने "इथे" म्हणायचं. पहिल्या दिवशी तो चार वेळा "इथे" म्हणाला. विसाव्या दिवशी एकशेदहा वेळा.

"आता कुठे बोटांना डोळे फुटायला लागले," ताई म्हणाल्या. "वर बसून नुसते डोळ्यांनाच डोळे असतात."

चौथ्या आठवड्यात चहा आला. ताईंचा नियम असा: तुझी वस्तू दुसरं माणूस जोडत असताना तू तोंडात चहाचा मोठा घोट धरून समोर उभं राहायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. ज्या क्षणी तुला काही समजावून सांगावंसं वाटेल तो क्षण म्हणजे तुझ्या वस्तूतलं भोक.

जोडायला बसली थोआ. व्हिएतनामहून येऊन तिला सहा वर्षं झाली होती. चिनी ती आरूपेक्षा झरझर बोले, पण या टेबलावर बसली की तिला एक अक्षर कळत नसे. "इथे मला काहीच समजत नाही," ती ऐटीत सांगे, "त्यासाठीच मला बोलावतात."

आरूने नव्या दिव्याचा पहिला नमुना तिच्यापुढे ठेवला. ताईंच्या परंपरेप्रमाणे एका कोपऱ्यात खाच, कोनाड्यात तिच्या मापाचा उंचवटा. थोआने दिवा उचलला, खाचेकडे न बघता कोनाड्यावर टेकवला, बसेना म्हणून कलता केला, आणि आरू म्हणाला, "अगं, फिर—"

पुढचा शब्द चहाबरोबर त्याच्याच सदऱ्यावर सांडला.

"भोक," ताई म्हणाल्या आणि वहीत रेघ ओढली.

खाच मोठी झाली, उंचवटा वाढला. सहाव्या आठवड्यात थोआने दोनशे दिवे बसवले आणि आरूच्या तोंडातला चहा कोमट होऊन गेला, पण सांडला नाही. ताई प्रसन्न झाल्या. "आता देवळात ने. दिवे थोआ नाही बसवणार. म्हाताऱ्या बसवणार."

देवळात म्हाताऱ्यांची म्होरकी होती आमुई आजी. चौऱ्याहत्तर वर्षांची, मूठभर देहाची, बाजारात चाळीस वर्षं मासे कापलेली. प्रसादाचे कासवाच्या आकाराचे लाल उंडे खात ती कोनाडे केलेल्या नमुन्याच्या फळीसमोर बसली. आरूने चहाचा घोट घेतला. शेजारी ताई हाताची घडी घालून उभ्या.

पहिले चार दिवे नीट बसले. पाचवा उलटा होता, खाचेने अडवला. आजीने अंगठ्याने दाबला. अडला. तळव्याने दाबला. अडला. मग आजीने शेजारची घंटा वाजवायची लाकडी मोगरी उचलली आणि हाणली. 'कट' असा आवाज झाला. उंचवटा तुटला, दिवा आत गेला, उलटाच.

आरूचे डोळे बाहेर आले, पण तोंड मिटलेलं राहिलं.

"बसला बघ!" आजी म्हणाली. "जरा हट्टी होता." मग आरूकडे बघून, "याचं तोंड का सुजलंय गं? दाढ?"

"आजी," ताईंनी विचारलं, "बसत नाही म्हटल्यावर फिरवून नाही का बघायचा?"

"देवाच्या कामात हात आखडायचा नसतो. बसत नाही म्हणजे आपली श्रद्धा कमी पडतेय."

परतताना बसमध्ये ताई तुटलेला उंचवटा बोटांत फिरवत होत्या. थांबा यायच्या आत त्या म्हणाल्या, "उंचवटा पोलादाचा करू."

"मग दिवा फुटेल."

"दिवाही जाड करू."

"ताई, ती हातोडा आणेल." मग आरूने मनातलं बोलून टाकलं. "आपण आजीला अडवत बसलोय. अडवायचं कशाला? उलटा बसला तर उलटा पेटू दे."

"म्हणजे चूक होऊ द्यायची?"

"चूक उरणारच नाही. बुडाला डावीकडे अधिक आणि उजवीकडे वजा असं आहे ना, म्हणून उलटसुलट होतं. त्याऐवजी मधोमध एक ठिपका, तो अधिक. त्याच्याभोवती गोल कडं, ते वजा. कोनाड्यात दोन स्प्रिंगा, एक मधल्या ठिपक्याला टेकणारी, एक कड्याला. मग दिवा कुठूनही घाला. दोन्ही टोकांनी सारखा आहेच."

"म्हणजे तुझी ती सुबक हौस परत आणायची."

"हो."

"एकेचाळीस पोरांना मी खाच शिकवली," ताई म्हणाल्या. आवाजात धार होती. "एकालाही मोगरी भेटली नाही."

"त्यांनी देवळासाठी काही बनवलं नव्हतं."

ताई उतरल्या. फुटपाथवर वळून म्हणाल्या, "मंगळवारी नमुना आण. मी मोडून दाखवते."

मंगळवारी नमुना आला. या खेपेला आरूने किटली उचलली, पेला भरला आणि नम्रपणे ताईंपुढे धरला. आजूबाजूच्या लाइनवरचे हात थांबले. थोआने तोंडावर हात ठेवला. ताईंनी पेल्याकडे पाहिलं, आरूकडे पाहिलं, आणि घोट घेतला.

थोआने डोळ्यांवर रुमाल बांधून शंभर दिवे बसवले. शंभर पेटले. ताईंचे गाल फुगलेले राहिले. बेसिनशी जाऊन चहा टाकून त्या परत आल्या, बाह्या सरसावल्या आणि स्वतः बसल्या. ओल्या हाताने, तिरका, हळू, झटक्याने, एका बोटाने. पेटतच होता. जेवणाची सुट्टी होऊन गेली, डब्यातली डुकराची चॉप गार झाली. तीन वाजता त्यांनी एक दिवा अर्धाच आत ढकलून सोडला. तो लुकलुकू लागला.

"इथे," ताई म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचं पहिलं हसू आलं. "म्हातारीचा हात भरून येईल तेव्हा अर्धवटच ढकलेल. त्याचं काय?"

आरूने कपाळावर हात मारला, मग खुर्ची ओढून शेजारी बसला. कड्याची स्प्रिंग लांब केली, अर्ध्यात सुटलेला दिवा आपसूक आत ओढला जाईल असा उतार दिला. हा उतार कुणी सुचवला यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. लियाओ साहेब पितळ जास्त लागतं म्हणून कुरकुरले, तेव्हा ताई आठ वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर गेल्या. काय बोलल्या ते कळलं नाही, पण साहेबांच्या डोळ्यांत बहुधा पुन्हा रसायन गेलं असावं. पितळ मंजूर झालं.

बाराव्या महिन्याचा अठरावा दिवस. मुहूर्त नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांचा. पेंग काका नव्या गुडघ्यावर बरे चालत होते, तरी बटण दाबण्याआधी त्यांनी आरूकडे एकदा बघून घेतलंच. लियाओ साहेब पुढच्या रांगेत, ताई आणि थोआ बाजूला. या खेपेला आरू खांबाच्या आड नव्हता. चौकात उभा होता, हात मागे बांधून.

बटण दाबलं. दीपमाळ खालपासून वरपर्यंत सोन्यासारखी उजळली. लोकांनी "हा!" केलं, फटाक्यांना कुणीतरी काडी लावली, आणि पेंग काकांची काठी वर उठली.

"तो."

नवव्या ओळीत, डावीकडून चौदावा. काळा.

फटाके आपलं काम उरकत राहिले. लियाओ साहेबांनी चष्मा काढला. आरू शिडीकडे धावला. त्या दिव्याला काळं राहायला जागाच नव्हती, हे त्याला आपल्या नावासारखं ठाऊक होतं. उलटा, तिरका, अर्धवट, सगळं झालं होतं. उरलं काय? तो शिडी चढला, कोनाड्यात बोट घातलं आणि वरूनच ओरडला, "पेंग काका, दिवा नाहीये!"

"काळा आहे तेच म्हणतोय मी!"

"काळा नाही. इथे दिवाच नाही. कोनाडा रिकामा आहे!"

सगळ्यांच्या माना आमुई आजीकडे वळल्या. आजीने खांदे उडवले. "एक हातातून पडला, कपाटाखाली गेला. काठीने काढत बसले असते तर मुहूर्त टळला असता. म्हटलं तीन हजारांत एक कोण बघतंय."

"दुसरा द्या कुणीतरी," पेंग काका गरजले. "अजून नऊ एकेचाळीसच आहे!"

सुटे दिवे खोक्यात, खोकं गाडीत, गाडी रस्त्यापलीकडे. तेवढ्यात शियाताई शिडीपाशी आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक दिवा त्यांनी काढला आणि वर फेकला. "परत द्यायचा," त्या खालून म्हणाल्या.

आरूने तो झेलला आणि न बघता, मान गर्दीकडे ठेवूनच, मागे हात नेऊन कोनाड्यात ढकलला. अर्धाच ढकलला. दिवा आपला आपण आत सरकला आणि पेटला.

थोआने पहिली टाळी वाजवली. पेंग काकांनी घड्याळ बघितलं, बेचाळीसला काही सेकंद होते. "वेळेत," त्यांनी जाहीर केलं, आणि उरलेल्या पाच दीपमाळांचं लियाओ साहेबांशी तिथेच, प्रसादाच्या संत्र्यांशेजारी उभ्याने ठरलं. साहेबांनी जाता जाता आरूच्या खांद्यावर थाप मारली. "खिडकी दुसऱ्या कुणाला देतो."

सोमवारी आरू तिसऱ्या लाइनच्या टोकाला गेला. रुमालाची घडी त्याने ताईंपुढे ठेवली. आत नवाकोरा दिवा.

ताईंनी तो भिंगाखाली धरला आणि परत सारला. "हा नको. माझा दे."

"तसाच आहे, ताई. तीन हजारांतला."

"तेच. माझा पहिला होता. मंगळवारी थोआने डोळे बांधून बसवला ना, त्यातला पहिला." त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत चपट्या डब्यांत रेडिओचा बोर्ड, कॅल्क्युलेटर, दाराची घंटा, ताप मोजायचं यंत्र. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. एकेचाळीस जणांची पहिली धड वस्तू. बेचाळिसाव्या डबीत नुसती चिठ्ठी होती: चो पिंगरू.

आरूने ती चिठ्ठी उचलून वाचली. तो दिवा आता नवव्या ओळीत, हुआंग नावाच्या कुण्या कुटुंबाच्या नावाने जळत होता, आणि नावाचा दिवा वर्षाच्या मध्ये काढणं देवीलाही मंजूर नव्हतं.

"पुढच्या वर्षी दिवे बदलतील तेव्हा आणून देतो."

"पुढच्या वर्षी मी निवृत्त."

"घरी आणून देतो."

"घरी कशाला? मंगळवारी-शुक्रवारी मी येणारच आहे. त्रेचाळिसावी पोरगी येतेय वरून." ताईंनी खण बंद केला आणि किटली त्याच्याकडे सरकवली. "तिला चहा तू पाजायचास. आणि तो दिवा तुझ्याकडे बाकी आहे, विसरू नकोस."

आरू विसरलेला नाही. दर पौर्णिमेला आईबरोबर देवळात गेला की तो नवव्या ओळीतला चौदावा दिवा बघून येतो. हुआंग कुटुंबाचं बरं चाललंय म्हणतात.